व्याही येताहेत. इंग्रजांचा ‘प्रॉपर’ चहा नेमका कसा करायचा?

कृष्णाकाठ :

नमस्कार मंडळी. मी मूळची सांगलीची, सध्या मुलाकडे रेडिंगला मुक्काम. सून इकडचीच, यॉर्कशायरमधल्या बार्न्सलीची. येत्या रविवारी दुपारी तिचे आईवडील, म्हणजे आमचे व्याही आणि विहीणबाई, घरी येताहेत. लग्नात भेट झाली होती, पण ती हॉलच्या गडबडीत, हात जोडण्यापुरती. घर मुलाचं असलं तरी मी इथे असताना व्याह्यांच्या हातात चहा दुसऱ्या कुणी द्यायचा, हे काही माझ्या मनाला पटत नाही.

खाण्याची काळजी नाही. कोथिंबीरवडी करणार आहे, मिरची बेतानं. घोडं अडलंय चहापाशी. सुनेला विचारलं तर म्हणाली, “बाबांना काहीही चालतं, फक्त चहा प्रॉपर लागतो.” प्रॉपर म्हणजे कसा गं? तर म्हणे, “नेहमीचा!” घ्या. त्यांचा नेहमीचा मला कसा कळावा?

सून स्वतःचा करते तो असा : मगमध्ये टी-बॅग टाकायची, वर केटलचं पाणी, लगेच फ्रिजमधलं थंडगार दूध, दोन हेलकावे दिले की बॅग बाहेर. ना आधण, ना उकळी, ना गाळणं. मला तो चहा प्यायल्यासारखं वाटतच नाही. पण चहावरून या देशाची एवढी ख्याती, तेव्हा सगळा मामला इतक्यावर आटपत असेल असंही वाटत नाही. माझा आल्याचा, गवती चहा घातलेला व्याही बिचारे हसून पितील, पण ते पाहुणचाराची लाज राखायला. मला त्यांना त्यांच्या जिभेचा चहा द्यायचाय.

तर सांगा : मगमध्ये करायचा की टीपॉटमध्ये? दूध आधी की नंतर? टी-बॅग की सुटी पावडर? सोबत काय ठेवायचं? व्याही वीजनिर्मिती केंद्रात होते, आता निवृत्त. फार कमी बोलतात म्हणे. चहाच्या निमित्तानं बोलायला एखादा विषय सुचवलात तर तोही हवाच आहे.

आणि हो, इथे चहावर तपकिरी, चकचकीत पापुद्रा येतो. मग घासून घासून पाहिला, तरी येतोच. तो कसला?


टेम्सतीर :

काकू, मीपण रेडिंगकर. टेन्शन नका घेऊ. मग, बॅग, उकळतं पाणी, दूध. साखर किती ते विचारायचं. बास.

खरी परीक्षा ऑफिसात असते. जो चहाला उठेल त्यानं आसपासच्या सगळ्यांना विचारायचं आणि प्रत्येकाचा वेगळा लक्षात ठेवून ट्रेमधून आणायचा. गुपचूप स्वतःपुरता करून आणलात तर कुणी काही बोलत नाही. लक्षात मात्र ठेवतात.


निवृत्त_सिस्टर :

टेम्सतीर, तुमच्या त्या ‘बास’मध्येच तर सगळी ग्यानबाची मेख आहे!

कृष्णाकाठ ताई, मी मिरजेची. म्हणजे तुमच्या शेजारचीच म्हणा. मिरजेला नर्सिंग केलं, सत्तरच्या दशकात इकडे आले आणि सगळी नोकरी यॉर्कशायरमध्ये केली, ब्रॅडफर्ड-हडर्सफील्डच्या बाजूला. बार्न्सलीची माणसं मी चांगली ओळखते. तेव्हा थोडं सविस्तर लिहिते.

वॉर्डात सकाळी सहाच्या सुमाराला चहाची ट्रॉली फिरायची आणि नवीन नर्सची किंमत तिथे व्हायची. इंजेक्शन दुखलं तर ‘चालायचंच’ म्हणणारा माणूस चहा फिका आला की उशीवरून उठून बसायचा. कुठल्याही चार्टवर लिहिलेलं नव्हतं, पण मला पाठ होतं : खिडकीजवळच्या आजोबांना दूध नुसतं दाखवल्यापुरतं आणि साखर तीन चमचे, दाराजवळच्या आजींना दूध आधी कपात, साखर अजिबात नाही. आजोबा कोळशाच्या खाणीत काम केलेले. त्यांचं म्हणणं, चमचा उभा राहिला पाहिजे. तुमचे व्याही त्याच मुलखातले, तेव्हा कडकच धरून चला.

आता पाणी. केटलमध्ये सकाळचं उरलेलं असेल ते ओतून टाका आणि नळाचं ताजं भरा. खळखळून उकळलं पाहिजे, आणि उकळल्या क्षणी चहावर पडलं पाहिजे. केटल बंद झाल्यावर फोन घ्यायला गेलात तर परत उकळवा. आपल्याला याचं महत्त्व वाटत नाही, कारण आपण चहा पाण्यातच शिजवतो, अर्क उतरायला भरपूर वेळ मिळतो. इथे जे काही व्हायचं ते पाणी ओतल्यावरच्या चार मिनिटांत. पाणी निवलेलं असेल तर चहाला रंग येतो, चव येत नाही. म्हणूनच परदेशातल्या हॉटेलात कोमट पाण्याचा कप आणि बशीत वेगळी ठेवलेली टी-बॅग समोर आली की यॉर्कशायरच्या माणसाचा पारा चढतो. गप्प बसतो तो, पण गावी परतल्यावर वर्षभर सांगतो.

पाहुणे दोन, तुम्ही तिघं. टीपॉटच काढा. आधी त्यात थोडं उकळतं पाणी घालून गरगर फिरवा आणि ओतून द्या. गार भांड्यात पाणी ओतलं की उकळत्याचं गरम होतं, उकळतं राहत नाही, एवढंच त्याचं कारण. माणशी एक बॅग आणि एक टीपॉटची म्हणून जास्तीची, ही जुनी रीत. चार मिनिटं झाकून ठेवा. घरात टीपॉटला घालायचं लोकरीचं टोपडं असेल तर ते घाला, नसेल तर जाडसा नॅपकिन गुंडाळा. ओतण्याआधी एकदा ढवळा, नाहीतर पहिला कप फिका आणि शेवटचा काळाकुट्ट.

टी-बॅगेला नाक मुरडू नका. विलायतेत ती रुळायला वेळ लागला. टेटली कंपनीनं १९५३ मध्ये बाजारात आणली, तेव्हा जुन्या बायका तिच्याकडे संशयानंच बघायच्या. आता घरोघर तीच. आतली पावडर आपल्या ओळखीची आहे : सीटीसी. पान चिरडून-फाडून-वळून बारीक दाणा करायचं हे यंत्र १९३० च्या दशकात आसामात निघालं. तुमच्या सांगलीच्या डब्यातली आणि या बॅगेतली, जात एकच. फरक इतकाच की इथल्या मिश्रणात आसामच्या जोडीला केनियाचा माल भरपूर असतो.

दूध. हिरव्या झाकणाचं घ्या. निळं झाकण म्हणजे पूर्ण सायीचं, लाल म्हणजे साय काढलेलं, हिरवं मधलं. आणि हे नीट ऐका : मगमध्ये चहा करत असाल तर बॅग बाहेर काढल्याशिवाय दूध घालायचं नाही. बॅग आत असताना थंड दूध पडलं की पाणी एकदम निवतं आणि चहा उतरायचा थांबतो. तुमची सून हेच करते. तिला सांगा, पण माझं नाव सांगू नका. तिचे वडील बघत असताना ती तसं करत नसणार, पैजेवर सांगते.

दूध किती? पोहे खायचा एक चमचा, फार तर दीड. रंग विटकरी राहिला पाहिजे. आपला हात सैल असतो, कारण आपल्याला दुधाचा चहा लागतो. यांना चहाचा चहा लागतो, दूध फक्त तुरटपणा मोडायला. तापवलेलं दूध चुकूनही घालू नका, त्याचा वास यांना सहन होत नाही. थंड दुधानं चहा गार होईल ही भीती सोडा. चमचाभर दुधानं उकळता चहा गार होत नाही, अर्धा कप ओतलं तर होतो.

साखर बाजूला ठेवा आणि विचारा. विचारणं हाच इथला पाहुणचार. आपण न विचारता दोन चमचे घालतो, तो आपला जिव्हाळा. इथे तसं केलं तर माणूस बुचकळ्यात पडतो. अपवाद फक्त धक्का बसलेल्या माणसाचा. अपघात झाला, वाईट बातमी आली, की न विचारता भरपूर साखरेचा कडक चहा हातात द्यायचा. नातेवाइकांच्या खोलीत असे किती कप नेऊन दिले असतील! बहुतेक वेळा पिणारा पीत नसे, नुसता धरून बसे. आता डॉक्टर त्याला औषध मानत नाहीत. पण सवय आहे ती आहे.

दुसरं महायुद्ध चालू असताना माणशी आठवड्याला दोन औंस चहा मिळायचा, म्हणजे साधारण ५७ ग्रॅम. जुलै १९४० ला रेशन लागलं ते सुटलं १९५२ च्या ऑक्टोबरात. व्याह्यांच्या आईवडिलांनी ते सगळं काढलेलं असणार. त्या घरात वाढलेला माणूस कपात घोटभर चहा उरवत नाही. उरवलाच, तर समजा की चहा जमलेला नाही.

सोबत डायजेस्टिव्ह किंवा रिच टी बिस्किटं ठेवा. व्याह्यांनी बिस्कीट चहात बुडवलं की ते सैलावले. कोथिंबीरवडीला कुणी नाही म्हणणार नाही, पण चहाबरोबर एक गोड लागतंच, नानकटाई केलीत तर उत्तम. त्यांच्याकडचं खास काही हवं असेल तर पार्किन नावाचा केक मिळतोय का बघा : ओट, काकवीसारखा काळा पाक आणि सुंठ. आल्याची हौस त्यांनाही आहे ताई. ती फक्त चहात नाही.

एक राहिलं. कुणी म्हणेल, तीन मजली थाळ्या लावून, काकडीचे सँडविच करून ‘आफ्टरनून टी’ करा. अजिबात नको. तो उमरावांचा थाट. १८४० च्या सुमाराला बेडफर्डच्या डचेसबाईंना दुपारी भूक लागायची तिथून सुरू झाला, आणि हल्ली मोठ्या हॉटेलांत वाढदिवसाला करतात. कोळशाच्या गावातल्या माणसासमोर तो मांडलात तर तो कोट काढणार नाही.


पेठेतला_पुणेकर :

काकू, एक भाबडा प्रश्न. तुम्ही त्यांच्या लेकीच्या सासूबाई. त्यांनी तुमच्या चहाची सवय करून घ्यायची की तुम्ही त्यांच्या? आलं ठेचा, दूध घाला, उकळू द्या. काय बिशाद आहे नाही म्हणायची.

इंग्रजांच्या चहाची किंमत आमच्या पुण्यानं १८९० मध्येच मोजली आहे. पंचहौदच्या ख्रिस्ती मिशनमध्ये व्याख्यानाला म्हणून मंडळींना बोलावलं आणि नंतर चहा-बिस्किटं पुढे आली. पाहुण्यांत रानडे, टिळक, गोखले. काही प्यायले, काहींनी कप हातात घेऊन खाली ठेवला. हे सगळं ज्यांनी घडवून आणलं ते गोपाळराव जोशी, डॉक्टर आनंदीबाईंचे यजमान. त्यांनी हजेरीची यादीच छापून आणली. झालं! ग्रामण्य, म्हणजे बहिष्काराचा वाद. शंकराचार्यांपर्यंत प्रकरण. टिळकांनी काशीला प्रायश्चित्त घेतल्याचं सांगितलं, रानड्यांनीही पुढे घेतलं आणि सुधारकांच्या शिव्या खाल्ल्या. एक कप चहा! आणि तोही, सिस्टरबाईंच्या वर्णनावरून, न उकळलेला.

बाकी चहाचं वेड इंग्लंडला लागलं ते पोर्तुगालच्या राजकन्येमुळे. कॅथरीननं हुंड्यात मुंबई आणली आणि पेटाऱ्यात चहा. तेव्हा मुंबईनं दिलेली सवय मुंबईला शिकवू नये.


निवृत्त_सिस्टर :

पुणेकर, विहिणीच्या पंगतीत मान कुणाचा हा वाद तुमच्या पेठेत घाला. ताईंना व्याह्यांना खूश करायचंय, नमवायचं नाहीये.


केटल_आणि_किलोवॅट :

मी दक्षिण लंडनला असतो, विजेच्या धंद्यात. पापुद्र्याचं आणि व्याह्यांशी बोलायच्या विषयाचं मी बघतो.

आधी पुणेकरांसाठी एक दुरुस्ती. कॅथरीनचं लग्न १६६२ चं, मुंबई हुंड्यात हे खरं. पण सॅम्युएल पेप्स या लंडनकराच्या रोजनिशीत २५ सप्टेंबर १६६० लाच त्यानं चहा मागवून प्यायल्याची नोंद आहे, पूर्वी कधी प्यायलो नव्हतो असं लिहून. लंडनच्या कॉफीहाउसांत चहा मिळत होता. राणीमुळे तो दरबारात प्रतिष्ठेचा झाला इतकंच. बार्न्सलीच्या खाणकामगारापर्यंत पोचायला अजून शंभराहून जास्त वर्षं लागली, कारण कर. चहावर ११९ टक्के कर होता आणि निम्मा देश चोरटा माल पीत होता. १७८४ मध्ये तो साडेबारा टक्क्यांवर आणला, तेव्हा चोरट्यांचा धंदा बसला आणि चहा सगळ्यांचा झाला. आणि तो चहा तेव्हा चीनचा. आसामच्या चहाचा लंडनमधला पहिला लिलाव १८३९ चा.

आता पापुद्रा. काकू, मगचा काही दोष नाही, रेडिंगच्या पाण्याचा आहे. तुमच्याकडचं पाणी खडूच्या खडकांतून झिरपून येतं. जबर जड. त्यातला कॅल्शियम आणि बायकार्बोनेट चहातल्या तुरट द्रव्यांशी पृष्ठभागावर हवेच्या संगतीत जुळतात आणि ती खपली धरते. इंपिरियल कॉलेजातल्या रसायनशास्त्रज्ञांनी यावर चक्क शोधनिबंध लिहिले आहेत. केटलच्या तळाला पांढरा थर दिसत असेल तर तोही त्यातलाच : लिंबूफूल घालून पाणी उकळा, निघून जाईल. बार्न्सलीकडचं पाणी पेनाइन डोंगरांवरच्या तलावांचं, मऊ. त्यामुळे तुमच्या व्याह्यांनी अशी खपली घरी बघितलेलीच नसणार, आणि दक्षिणेत आले की चहाला नावं ठेवणार, हे ठरलेलं. फिल्टरच्या जगमधून पाणी गाळून घ्या. बाजारात जड पाण्यासाठी वेगळं मिश्रण केलेल्या टी-बॅगाही मिळतात, यॉर्कशायर टीवाल्यांच्याच आहेत. दोन्ही केलंत तर सोन्याहून पिवळं.

दूध आधी की नंतर, यावर रॉयल सोसायटी ऑफ केमिस्ट्रीनं २००३ मध्ये कौल दिला : आधी. गरम चहात दुधाची बारीक धार पडली तर पहिले थेंब ७५ अंशांच्या वर जातात आणि त्यातली प्रथिनं बिघडतात. टीपॉटमधून ओतायचा असेल तर हे पाळता येतं. मगमध्ये नाही, सिस्टरनी सांगितलंच आहे का ते. ब्रिटिश मानक संस्थेचं तर १९८० चं रीतसर मानक आहे, बीएस ६००८ : १०० मिलीलीटर पाण्याला दोन ग्रॅम चहा, सहा मिनिटं. ते खरं म्हणजे चहा चाखून तुलना करणाऱ्यांसाठी, घरच्या बैठकीसाठी नाही. त्याबद्दल १९९९ मध्ये त्यांना इग नोबेल मिळालं, म्हणजे हसवून विचार करायला लावणाऱ्या संशोधनाचं बक्षीस. सहा मिनिटांचा चहा मी पिऊन बघितलाय. जीभ दाराला अडकल्यासारखी होते.

आणि व्याह्यांना बोलतं करायचंय ना? त्यांना ४ जुलै १९९० विचारा. फुटबॉल विश्वचषकाची उपांत्य फेरी, इंग्लंड विरुद्ध पश्चिम जर्मनी, इटलीत तुरिनला. पेनल्टी शूटआउटमध्ये इंग्लंड हरलं. देशभरची माणसं टीव्हीसमोरून उठली, स्वयंपाकघरात गेली आणि केटलची बटणं दाबली. विजेची मागणी पाहता पाहता २८०० मेगावॅटनं वाढली. इथली केटल साधारण तीन किलोवॅटची, भागाकार तुम्हीच करा. अशा वेळेसाठी वेल्समध्ये डिनॉर्विगला डोंगराच्या पोटात जलविद्युत केंद्र आहे, १९८४ पासून. रात्री स्वस्त विजेवर पाणी वरच्या तलावात चढवायचं, आणि मागणी उसळली की सोडायचं, काही सेकंदांत वीज हजर. आपल्याकडे घाटघरला याच तत्त्वावर चालतं. नियंत्रण कक्षातली माणसं टीव्हीचे कार्यक्रम किती वाजता संपतात याचं वेळापत्रक बाळगून बसायची, कोणत्या मालिकेचा भाग रडवणारा आहे याच्यासकट. वीजकेंद्रातला माणूस यावर गप्प बसूच शकत नाही.

त्यावर पुरवणी म्हणून जानेवारी २०२४ ची गोष्ट सांगा. मिशेल फ्रँकल नावाच्या अमेरिकन रसायनशास्त्रज्ञ बाईंनी सुचवलं, की कडवटपणा मारायला चहात चिमूटभर मीठ घाला. इथे एवढा गहजब झाला की लंडनमधल्या अमेरिकन वकिलातीला गमतीनं खुलासा काढावा लागला : हे आमचं सरकारी धोरण नाही. आणि शेवटी पुस्ती जोडली, की आम्ही आपले चहा मायक्रोवेव्हमध्येच करत राहू. तिकडे घरगुती वीज १२० व्होल्टची, केटल इथल्यापेक्षा निम्म्या जोराची, म्हणून तिचं तिथे फारसं बस्तान बसलेलं नाही. पण हे इंग्रजाला पटवून द्यायच्या भानगडीत पडू नका.


कृष्णाकाठ :

सगळ्यांचे मनापासून आभार. पुणेकर, तुमचा मुद्दा माझ्या बहिणीनंही फोनवर मांडला, तिला जे उत्तर दिलं तेच तुम्हाला : आल्याचा चहा जेवणानंतर.

सिस्टर, घरात टीपॉट नाहीये. स्टीलची किटली चालेल का? आणि बशी लागते का?


निवृत्त_सिस्टर :

स्टीलमध्ये लवकर निवतो. चॅरिटी शॉपमध्ये चक्कर मारा, ‘ब्राउन बेटी’ विचारा : स्टॅफर्डशायरच्या तांबड्या मातीची, गोल पोटाची, तपकिरी चकचकीत. दिसायला साधी, पण उष्णता धरून ठेवते आणि आत डाग पडले तरी दिसत नाहीत. आमच्याकडच्या प्रत्येक आजीच्या घरी असायची. नवी घेतलीत तरी चालेल, पण जुनीची तोटी ठिपकत नाही, हे माझं मत. आत साबण लावू नका. बशी नको, मगच ठेवा. मोठे.


टेम्सतीर :

काकू, पण टी-बॅग कोणती? ते ठासून सांगितलंच नाही कुणी. पीजी टिप्स आणि टेटली घेऊन यॉर्कशायरच्या माणसासमोर उभं राहायला जिगर लागते. (टेटली टाटांची आहे, २००० पासून. यॉर्कशायरमध्येच जन्मलेली, पण त्यांना ते सांगून उपयोग नाही.)


कृष्णाकाठ :

रविवार पार पडला. वृत्तांत देते, तुमचा हक्कच आहे.

व्याह्यांनी दारात हात मिळवला, कोट काढला आणि कोटाच्या खिशातून प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेल्या स्वतःच्या टी-बॅगा काढल्या. वाईट वाटून घेऊ नका, इकडच्या पाण्याचा भरवसा नसतो, म्हणाले. सून लाजून चूर. मी म्हटलं, आणल्यात ते बरं केलंत. आणि त्यांच्याच बॅगा, माझं गाळलेलं पाणी, ब्राउन बेटी (मिळाली! झाकणाला टवका आहे), चार मिनिटं. त्यांनी मग उजेडाकडे धरून आत वाकून पाहिलं. पापुद्रा नव्हता. काही बोलले नाहीत, पण तो रिकामा करून मग माझ्यापुढे सरकवला. दुसऱ्या वेळी डायजेस्टिव्ह बुडवलं. सिस्टर, तुमची खूण अगदी बरोबर.

१९९० चं विचारलं आणि नळ सुटला. ते त्या रात्री कामावर होते, त्यामुळे मॅच बघायला मिळाली नाही, फक्त मीटरचा काटा बघितला. हरल्याचं त्यांना काट्यावरून कळलं म्हणे. माझा मुलगा आणि ते दोघं मिळून डिनॉर्विगला जायचे बेत करताहेत. कोथिंबीरवडी संपली. मिठाचा किस्सा सांगितल्यावर मात्र त्यांचा चेहरा असा झाला की तो विषय तिथेच सोडला.

पण एक पेच झाला. सगळ्यांचं लक्ष व्याह्यांकडे. मी विहीणबाईंपुढे तसाच विटकरी, दुधाचा मग ठेवला, तर त्या हळूच म्हणाल्या की दूध त्यांना वर्षानुवर्षं सोसत नाही, आणि इतका कडक तर त्या कधीच पीत नाहीत. त्यांना फिका, बिनदुधाचा, लिंबू घालून लागतो. त्यांच्या यजमानांनी हे कुणाला सांगितलेलं नाही, लेकीच्याही लक्षात राहिलं नाही, आणि इथे एवढा ऊहापोह झाला त्यात मीही विचारलं नाही. घरात लिंबू होतं म्हणून निभावलं. आता त्या पुढच्या महिन्यात एकट्याच येणार आहेत, आठ दिवस राहायला. तर त्यांचा प्रॉपर चहा कसा करायचा?


निवृत्त_सिस्टर :

अर्ल ग्रे आणा. त्यात बर्गमॉट नावाच्या लिंबाच्या जातीतल्या फळाचं तेल असतं, बिनदुधाचा छान लागतो. काही जणांना तो वास साबणासारखा वाटतो, म्हणून आधी एकच छोटी डबी घ्या. त्यांना नको असेल तर साधी दार्जिलिंग. कपबशी काढा, मग नको. पाणी उकळतंच, पण दोनच मिनिटं. लिंबाची पातळ चकती बशीत वेगळी द्या, त्या हव्या तेवढ्या टाकतील.


केटल_आणि_किलोवॅट :

आणि या चहाला फिल्टरचीही फारशी गरज नाही. लिंबाचं आम्ल कॅल्शियमला धरून ठेवतं, खपली धरतच नाही. रेडिंगच्या नळाच्या पाण्यावर सगळ्यात नितळ चहा विहीणबाईंचाच होणार. फक्त व्याह्यांच्या सवयीनं हात दुधाच्या बाटलीकडे जाऊ देऊ नका, लिंबावर दूध पडलं की लगेच फाटेल.